येथे राहत नाहीत

बेकरीची गाडी चालवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे पाववाले म्हणत. पाववाल्यांनी तीस वर्षं एकच रस्ता चालवला, आणि त्या तीस वर्षांत एकही फॉर्म स्वतःच्या डोक्याने भरला नाही. शाळा चौथीत सुटलेली. वाचता येत होतं, आणि सही अशी झोकात करायचे की बघणाऱ्याला वाटावं, मोठे साहेब आहेत. पण चौकटींचा कागद समोर आला की ते अडायचे. आडनाव आधी की नाव आधी, ठळक अक्षरात म्हणजे किती ठळक, चौकट संपली आणि नाव उरलं तर ते कुठे न्यायचं.

बायकोने यावर उपाय काढला होता. कुठलाही फॉर्म ती दोन प्रती आणायची. एक स्वतः पेन्सिलीने भरायची आणि वर लिहायची, "असंच लिहायचं." मग पाववाले स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दुसऱ्या प्रतीवर पेनाने तेच उतरवायचे, अक्षर न् अक्षर. ती सरळ भरून देऊ शकली असती. पण ती म्हणायची, लायसन्स तुमचं, तर अक्षरही तुमचंच हवं. ते लिहीत असताना ती समोर मटार सोलत बसायची आणि मधूनच मान उंच करून बघायची. सगळे नमुने एका हिरव्या फायलीत लावलेले असत. बँकेचा, विम्याचा, लायसन्सच्या नूतनीकरणाचा.

ती गेली त्याला अकरा महिने झाले होते. मूलबाळ नव्हतं. पहिले तीन महिने पाववाले त्याच घरात राहिले, पण घर खायला उठायचं. दुपारी कामावरून आले की चपला काढून दारातच उभे राहायचे, आत जायला काही कारण सापडायचं नाही. शेवटी ते भाड्याचं घर त्यांनी सोडलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका शिंप्याच्या दुकानावरची खोली घेतली. एक खोली, एक गॅलरी, एक शेगडी. हिरवी फाईल कपाटावर ठेवून दिली.

लायसन्सची मुदत संपत आली तेव्हा ती फाईल खाली आली. नमुना होताच. पेन्सिल जरा पुसट झाली होती, एवढंच. पाववाल्यांनी तो समोर ठेवला आणि नेहमीसारखं उतरवून काढलं. नाव, जन्मतारीख, रक्तगट, पत्ता. पत्त्यात काही बदल आहे का, या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, "नाही." त्यांनीही लिहिलं, "नाही." हात तिच्या अक्षरामागून चालला होता, डोकं त्यात नव्हतं. आणि डोकं असतं तरी तिच्या लिहिण्यात चूक शोधायची त्यांना सवय नव्हती.

नवं कार्ड टपालाने निघालं ते जुन्या घरी गेलं. पोस्टमन अनोळखी असता तर दाराच्या फटीतून आत सरकवून मोकळा झाला असता. पण तो वीस वर्षांच्या ओळखीचा. पाववाल्यांचं सामान टेम्पोत चढताना त्याने एका कपाटाला हातसुद्धा लावला होता. त्याने इमानदारीत पाकिटावर लिहिलं, "येथे राहत नाहीत," आणि कार्ड आलं तिकडे परत धाडलं.

कार्ड येईना म्हणून पाववाले लायसन्सच्या कार्यालयात गेले, तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी ड्रॉवर उघडून ते पाकीट काढलं. पारदर्शक भागातून पाववाल्यांना स्वतःचा फोटो दिसला.

"हे तुमचंच ना?" बाईंनी विचारलं.

"माझंच."

"मग देता येणार नाही."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं की कार्डावरचा पत्ता चुकीचा आहे हे आता टपालखात्याने लिहून दिलंय, आणि चुकीच्या पत्त्याचं कार्ड त्यांनी हातात दिलं तर उद्या नोकरी जाऊन त्याच त्या खिडकीच्या बाहेर उभ्या राहतील. पत्ता बदलायचा फॉर्म भरा, तिथे राहता याचा पुरावा जोडा, नवं कार्ड आठ-नऊ दिवसांत घरी येईल. भाडेकरार चालेल, नावावरचं विजेचं बिल चालेल, दोन्ही नसेल तर दोन शेजाऱ्यांनी दाखल्यावर सह्या करायच्या. अर्थात तुम्ही अजून जुन्याच घरी राहत असाल आणि पोस्टमनची चूक झाली असेल, तर तिथल्या दोघांच्या सह्या आणा, हेच कार्ड पुन्हा तिकडे पाठवते.

पाववाल्यांनी पत्ता बदलाचे दोन फॉर्म आणि दाखल्याचेही दोन कोरे कागद मागितले. दोन-दोन कशाला, असं बाईंनी विचारलं. ते म्हणाले, सवय आहे.

जुन्या लायसन्सचे बारा दिवस उरले होते. बेकरीच्या मॅनेजरने आधीच सांगून ठेवलं होतं की एक तारखेला चालू लायसन्स हातात नसेल तर चावी दुसऱ्याला जाईल आणि पाववाल्यांना मागच्या खोलीत पाव पिशव्यांत भरायला बसावं लागेल. पगार तोच मिळणार होता. मॅनेजरला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. त्यांना काय बरं वाटणार? मागच्या खोलीत एक यंत्र, एक टेबल आणि समोर भिंत. गाडीवर निदान बावीस दुकानं होती. प्रत्येक दुकानदार दोन शब्द तरी बोलायचा. आज उशीर केलात, कालचा पाव कडक निघाला, पाठ कशी आहे. दिवसभरात त्यांच्या वाट्याला जेवढी माणसं येत ती त्या रस्त्यावरच. रस्ता गेला असता तर बोलण्यापुरतं कुणी उरलं नसतं.

भाडेकराराचं नाव काढताच घरमालकाने फोनवरच कानावर हात ठेवले. तोंडी ठरलंय ते ठीक चाललंय, कागद कशाला, म्हणाला. बिलही त्याच्याच नावावर. राहिले शेजारी. आणि पाववाल्यांच्या लक्षात आलं की आठ महिन्यांत त्यांनी नव्या जागी कुणाशी एक शब्द बोललेला नाही. पहाटे पावणेपाचला निघायचं, दुपारी यायचं, झोपायचं. आपण इथे राहतो हे इथल्या कुणाला माहीतच नसणार, असं त्यांना वाटलं.

म्हणून ते आधी सोप्या वाटेने गेले. जुन्या घरासमोरच्या वहिनींनी दार उघडलं, दोन क्षण त्यांच्याकडे बघितलं आणि, "भावजी, किती वाळलात," म्हणून आत ओढूनच नेलं. हकिकत ऐकून त्या म्हणाल्या, एवढ्यासाठी कशाला वणवण, आम्ही देतो लिहून तुम्ही इथंच राहता म्हणून. त्यांनी सही केली, आतून नवऱ्याला हाक मारून त्यांचीही घेतली. दाखल्यात एक रकाना होता, "सोबत राहणारी माणसं." तिथे वहिनींचं पेन थांबलं. मग त्यांनी एक आडवी रेघ ओढली आणि चहा टाकायला उठल्या.

निघताना पाववाले जिन्यात क्षणभर थांबले. समोर त्यांचंच दार. नावाची पाटी गेली होती, स्क्रूची चार भोकं राहिली होती. दाराबाहेर लहान मुलीच्या चपला, तीनचाकी सायकल. दारावरचा हूक बायकोने हट्टाने लावून घेतला होता, भिजलेली छत्री घरात नको म्हणून. त्यावर आता कुणाची तरी पिवळी छत्री होती. आत कुणीतरी हसत होतं. पाववाल्यांनी मनातल्या मनात म्हणून बघितलं, मी इथे राहतो. वाक्य साधं होतं, पण पुढे सरेना. ती गेल्यावर ज्याला या घरात राहणं जमलं नाही, त्याने कागदावर तरी कसं राहावं?

दाखला घडी करून त्यांनी खिशात ठेवला. फाडला मात्र नाही. शहाणपण म्हणा, भीती म्हणा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले नाहीत. खाली शिंप्याच्या दुकानात गेले. शिंपी गळ्यात टेप अडकवून मशीनवर वाकला होता. त्याने चष्म्यावरून बघितलं.

"वरचे ना तुम्ही?" तो म्हणाला. "आठ महिन्यांनी तोंड दिसलं. पाय मात्र रोज बघतो."

त्याच्या मशीनसमोरच्या खिडकीतून जिना दिसत होता, पण गुडघ्यापर्यंतच. शिंप्याने सांगितलं की वरच्या तिन्ही बिऱ्हाडांना तो पायांवरून ओळखतो, आणि तुमच्या विजारीचा उजवा पाय दोन बोटं आखूड आहे, कुणी शिवली? पाववाल्यांनी विजारीकडे पाहिलं. तीस वर्षं ते बहुधा तसेच फिरत होते.

त्यांनी घराचा नंबर विचारला. फॉर्मात लिहायचा होता आणि दारावर कुठे सापडला नव्हता. या खोलीवर त्यांना आजवर एक पत्रही आलं नव्हतं, त्यामुळे नंबराची गरज पडली नव्हती.

"पत्ता विचारायला आलात?" शिंप्याने मशीन थांबवलं. "मग राहता कुठं?"

"तेच लिहून हवंय," पाववाले म्हणाले.

शिंपी खो खो हसला. नंबर जिन्याच्या तोंडाशी आहे, रंगाखाली गेलाय, हात फिरवला की लागतो, असं त्याने सांगितलं. काखेत कळसा म्हणतात ते हेच. पण सही करण्याआधी त्याचं एक भांडण होतं, आणि ते त्याने आठ महिने जपून ठेवलं होतं. बेकरीत प्रत्येक ड्रायव्हरला रोज एक दबलेला पाव मिळायचा, विकता न येणारा. जुन्या घरी पाववाल्यांची बायको त्या पावाचे तुकडे जिन्यातल्या चार घरांत वाटायची. आता पाववाले सवयीने पाव आणायचे, दोन तुकडे खायचे आणि उरलेला गॅलरीतून कावळ्यांना कुस्करून टाकायचे. तो सगळा शिंप्याच्या दुकानाच्या पत्र्यावर पडायचा.

"दुपार झाली की कावळे वर नाचतात," शिंपी म्हणाला. "गिऱ्हाईक विचारतं, वर कुणाचं लग्न आहे काय?"

पाववाल्यांनी माफी मागितली आणि उद्यापासून पाव खाली आणून देतो म्हणाले. शिंपी म्हणाला, आणा, कावळ्यांपेक्षा माझी बायको बरी खाते. मग त्याने दाखला घेतला. कधीपासून राहतात, या रकान्यापाशी तो थोडा अडला. पत्र्यावर पहिला पाव कधी पडला ते आठवून त्याने महिना लिहिला, आणि तो अगदी बरोबर निघाला.

दुसरी सही शेजारच्या दाराची. तिथे एक नर्सबाई राहत होती, चाळिशीची, एकटी. तिचा सुट्टीचा दिवस होता, केस धुऊन पाठीवर सोडले होते. दार उघडून ती लगेच ओळखीचं हसली.

"या ना काका. काकू बऱ्या आहेत ना?"

पाववाल्यांनी मान हलवली. होकाराला हलली की नकाराला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. नर्सबाईने होकार धरला. ती बोलतच होती. काकू कधी दिसल्या नाहीत, आजारी असतील असं वाटलं, एकदा येऊन बघावं असं रोज मनात येतं पण ड्युटीतून सवड होत नाही. मधली भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा आहे, पहाटे तुम्ही काकूंना सांगून निघता ते तिला रोज ऐकू येतं.

ऐकू येणार होतंच. पाववाले रोज पहाटे कडीला हात लावून म्हणायचे, "येतो गं." तीस वर्षं म्हणत आले होते. आधी अंथरुणातून उत्तर यायचं, "या." आता येत नव्हतं, पण म्हटल्याशिवाय कडी उघडायला हात चालायचा नाही.

नर्सबाईने कागद भिंतीला टेकवून सुबक अक्षरात भरला, सही केली, काकूंना सांगा मी विचारलं म्हणून, असं म्हणाली. पाववाले बाहेर आले. आपल्या दाराची कडी न काढता जिना उतरू लागले आणि मधल्या वळणावर त्यांनी कागद वाचला. सोबत राहणारी माणसं: पत्नी. एकूण दोन.

ते तिथेच पायरीवर बसले.

अकरा महिने ते तिचं नाव खोडायलाच हिंडले होते. इस्पितळाचा दाखला घेऊन बँकेत गेले, तिथे खोडलं. विम्याच्या कचेरीत खोडलं. जिथे जिथे दोन नावं होती तिथे एक राहिलं. आणि आता हा एक कागद आला होता ज्यावर ती होती. जी खोली तिने डोळ्यांनी कधी पाहिली नाही, त्या खोलीत ती त्यांच्याबरोबर राहत होती, आणि खाली सही-शिक्का करायच्या योग्यतेच्या बाईची सही होती. कुणी तपासायला येणार नव्हतं. पत्ता बदलायला बायको आहे की नाही याच्याशी कुणाला काय करायचंय? कार्ड तर आलंच असतं. आणि कुठल्याशा सरकारी कपाटात, दोऱ्याने बांधलेल्या गठ्ठ्यात, ती जिवंत राहिली असती.

पाववाले बराच वेळ बसले. खाली मशीन चालायचं आणि थांबायचं. त्यांना टेबलापलीकडून उंच होणारी मान आठवली. एक आकडा चुकला तरी ती रबर पुढे करायची. म्हणायची, चुकीचं लिहिण्यापेक्षा रिकामं ठेवा, रिकाम्याचं काही तरी करता येतं. नूतनीकरणाच्या फॉर्मात तिच्या नमुन्याने चूक झाली हे तिला कळलं असतं, तर ती आधी त्यांना रागावली असती. नमुना तेव्हाचा होता ना, अहो. राहायचं आजच्या दिवशी, आणि उतरवायचं तेव्हाचं?

ते उठून वर गेले आणि त्यांनी पुन्हा दार वाजवलं.

"ताई, एक दुरुस्ती आहे."

"काय चुकलं?"

"दोन नाही. एकच."

नर्सबाईने कागदाकडे बघितलं, मग मधल्या भिंतीकडे. "पण रोज पहाटे तर..."

"सवय आहे," पाववाले म्हणाले. आणि मग, तिने विचारलं नसताना, त्यांनी सांगितलं की बायको वारली, अकरा महिने झाले, या घरी ती आलीच नाही. इतके दिवस हे वाक्य त्यांच्या वतीने दुसरेच बोलत आले होते, डॉक्टर, वहिनी, मॅनेजर. स्वतः त्यांनी ते पूर्ण असं पहिल्यांदाच म्हटलं. एका दमात झालं, आवाजही कापरा झाला नाही. याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

नर्सबाई नर्स होती. तिने सांत्वन केलं नाही. "पत्नी" आणि "एकूण दोन"वर सरळ एक रेघ मारली, वर लिहिलं, "एकटे," आणि शेजारी छोटी सही केली, दुरुस्तीपुढे करतात तशी.

त्या संध्याकाळी पाववाल्यांनी पत्ता बदलाचा फॉर्म काढला. हिरव्या फायलीत याचा नमुना नव्हता. ती असेपर्यंत त्यांनी घर बदललंच नव्हतं, असणार कुठून? पहिली प्रत वाया गेली, जुना पत्ता नव्याच्या जागी पडला. दुसरी त्यांनी आधी पेन्सिलीने भरली, मग त्यावरच पेन फिरवलं. जिन्याच्या तोंडाशी जाऊन रंगाखालचा नंबर बोटाने पुन्हा एकदा तपासून आले. पत्त्यात बदल आहे का? होय. वहिनींनी दिलेला दाखला तेव्हा खिशातून निघाला. तो त्यांनी फाडला आणि तुकडे शेगडीजवळच्या डब्यात टाकले.

खिडकीमागच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सगळं वाचलं, खोडलेल्या जागेवर पेन ठेवलं, बाजूची सही बघितली आणि शिक्का मारला.

कार्ड एकोणतीस तारखेला आलं. पाववाले कामावरून आले तेव्हा शिंप्याने खिडकीतून हात बाहेर काढून पाकीट पुढे केलं.

"घ्या. तुम्ही इथं राहता म्हणे."

पाववाल्यांनी पायरीवर उभं राहून कार्ड उघडलं. फोटो तोच. खाली नवा पत्ता, दोन ओळींत बसलेला. जुना कुठेच नव्हता. आता कुठल्याही कागदावर त्यांचं आणि तिचं घर एक नव्हतं. रस्ता राहिला, चावी राहिली, बावीस दुकानं राहिली. त्यांनी कार्ड खिशात घातलं, दबलेला पाव शिंप्याला दिला आणि वर जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडीला हात लावला तेव्हा त्यांना भिंत आठवली. पलीकडे आता सगळं माहीत होतं. एकट्या माणसाने रिकाम्या खोलीला सांगून निघावं, आणि शेजारणीने ते ऐकून उसासा टाकावा, हे त्यांना नको होतं. ते मुकाट्याने निघाले. दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं, दोनदा गाडीचं मागचं दार उघडून बघितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच.

त्याच दुपारी जिन्यात नर्सबाई भेटली. तोंड उतरलेलं.

"काका, तुम्ही दोन दिवस रजेवर होता का?"

नाही, ते म्हणाले, रोज गेलो.

"मग निघताना बोलला का नाहीत? मी गजर लावतच नाही. तुमच्या 'येतो गं'वर उठते. दोन दिवस ड्युटीला उशीर झाला, आज मेट्रनने सगळ्यांसमोर ऐकवलं."

पाववाले ओशाळले. घड्याळ देऊ का, माझ्याकडे जास्तीचं आहे, असं त्यांनी विचारलं. नर्सबाईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. घड्याळ तिच्याकडेही होतं, म्हणाली, पण त्याच्या आवाजाने छातीत धस्स होतं. मग दाराला किल्ली लावता लावता, त्यांच्याकडे न बघता, ती म्हणाली, "तुम्ही आपले म्हणत जा, काका. मी काही अर्थ काढत नाही त्यातून."

पुढच्या पहाटे पाववाल्यांनी दिवा मालवला. लायसन्स खिशात आहे ते चाचपलं. कडीला हात लावला.

"येतो गं," ते म्हणाले. नेहमीपेक्षा थोडं मोठ्याने.

सवयीने ते जरा थांबले. उत्तर आलं नाही, यायचं नव्हतंच. त्यांनी दार ओढून घेतलं आणि अंधारात कठड्याला धरून जिना उतरू लागले. मधल्या वळणावर पोचले तेव्हा वर भिंतीपलीकडे नळ सुटल्याचा आवाज आला.